नळी राहू दे

आमच्या आयसीयूत मला 'नळी सिस्टर' म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण पाठीमागे इतक्या मोठ्यानं म्हणतात की तोंडावर म्हटल्यासारखंच. मी मनाला लावून घेत नाही. लावून घ्यायचं म्हटलं तर या कामात रोजची दहा निमित्तं मिळतील.

क्रांती चौकापासून फार लांब नसलेलं हे खाजगी हॉस्पिटल. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण आमच्या चादरींच्या कोपऱ्यावर अजून औरंगाबादच छापलेलं आहे आणि दर धुण्याला ते थोडं थोडं फिकट होतंय. दहा खाटा आहेत. दोन खाटांच्या मध्ये हिरवा पडदा. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे असं आमच्या आयसीयूत नसतं. जी खाट रिकामी असेल तिथं माणूस येतो.

ते नाव कसं पडलं ते आधी सांगते. सकाळी आठला ड्यूटीवर आलं की रात्रीच्या सिस्टरकडून ओव्हर घ्यायचा, म्हणजे कुठल्या पेशंटचं काय चाललंय ते ऐकून ताब्यात घ्यायचं. ते झालं की मी एक कागद घेऊन खाटेखाटेला फिरते. कागदावर प्रश्न एकच असतो: या माणसाला लघवीची नळी आज कशासाठी हवी आहे? खाली चार-पाच कारणं छापलेली. लघवी तासातासाला मोजायची आहे, लघवी अडकलेली आहे, एखादं ऑपरेशन झालंय, कमरेखाली जखम आहे, असली. त्यातलं एक जरी लागू असेल तर त्यापुढे बरोबरची खूण करायची आणि खाली सही. एकही लागू नसेल तर नळी काढून टाकायची. त्याच सकाळी.

पूर्वी ही नळी घातली की घातली. डॉक्टरांच्या लक्षात येईल तेव्हा निघायची, आणि डॉक्टरांना डोक्यावर इतकं असतं की लघवीची नळी त्यात सर्वांत शेवटी. मग नियम आला की कारण नसेल तर सिस्टरनं काढायची, कोणाला विचारायचं नाही. घालायला डॉक्टरांचा हुकूम लागतो, काढायला माझी सही पुरते. नर्सिंगमध्ये एवढा अधिकार आम्हाला क्वचितच कोणी देतं. मला त्याचा गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू.

नळी वाईट नाही. पण ती शरीराला बाहेरून आत जाणारी वाट करून देते, आणि त्या वाटेनं जंतू चढतात. जितके दिवस नळी, तितकी भीती जास्त. म्हणून आम्ही ती सांभाळतो. हात धुतल्याशिवाय तिला शिवायचं नाही. नळी आणि पिशवीचा जोड कधी उघडायचा नाही. पिशवी कमरेच्या खाली लटकली पाहिजे, पण जमिनीला टेकता कामा नये. ज्याची लघवी मोजायची त्याचं भांडं वेगळं, शेजारच्याचं चालणार नाही. पेशंटला स्कॅनला नेताना पिशवी त्याच्या पोटावर ठेवून स्ट्रेचर ढकलायची आमच्या मामांना सवय. वॉर्डबॉयला आमच्याकडे मामा म्हणतात आणि आयाला मावशी. पोटावर ठेवली की पिशवीतली लघवी उलटी आत जाते. त्यासाठी मी लिफ्टपर्यंत ओरडत गेलेली आहे. पण हे सगळं डोळ्यात तेल घालून केलं तरी ती सांभाळण्याचीच गोष्ट झाली. पेशंटला खरं राखणं म्हणजे नळी काढणं. हे मला चांगलं ठाऊक होतं. नव्या पोरींना मीच शिकवायचे.

सात नंबरच्या खाटेवर पडेगावच्या एक अम्मी आल्या. सत्तरीच्या असतील. हृदय अशक्त, फुप्फुसात पाणी भरलेलं, आल्या तेव्हा धापेमुळे एक शब्द बोलता येत नव्हता. त्यांना श्वासाच्या मशीनवर घेतलं, लघवीची नळी घातली, पाणी उतरवायची इंजेक्शनं सुरू झाली. तेव्हा लघवी तासातासाला मोजणं खरोखरच गरजेचं होतं. मुलगा वाळूजला कंपनीत, त्याच्या पाळ्या चालायच्या. म्हणून बाहेर सून असायची. काळा बुरखा, हातात कायम कापडी पिशवी. आम्हाला औषध मागवायचं झालं की दार अर्धं उघडून ओरडायचं, "सात नंबरचं कोण आहे?" की ती उठून यायची, चिठ्ठी घ्यायची, जायची. आत सोडायचं ते संध्याकाळी चार ते पाच, एकालाच. तो एक तास ती नवऱ्याला द्यायची, म्हणून तिला मी अम्मींच्या खाटेपाशी पाहिल्याचं आठवत नाही.

मंगळवारी श्वासाची नळी निघाली. बुधवारी सकाळी मी कागद घेऊन गेले तेव्हा अम्मी उशीला टेकून बसल्या होत्या, ओढणी डोक्यावरून नीट घेतलेली. इंजेक्शनं बंद होऊन गोळी सुरू झाली होती. एकही कारण लागू नव्हतं. मी खोक्यातून हातमोजे घेतले आणि त्यांना सांगितलं, "अम्मी, पेशाब की नली निकाल देती हूँ. अच्छा लगेगा."

त्यांनी माझं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता, पण सोडेनात.

"बेटी, नली रहने दे. मेरे कू मर्दों के सामने पॉट पे नक्को बिठा."

मी सांगितलं की पडदा आहे. त्यांनी पडद्याकडे बघितलं. मग मीही बघितलं. वरचे दोन हुक तुटलेले होते आणि त्या जागी पडदा ओठ लोंबल्यासारखा खाली आला होता. पलीकडे सहा नंबरचा माणूस जागा होता, छताकडे बघत पडलेला. सकाळच्या पाळीला दोन मजल्यांत मिळून एक मावशी. ती वर असली तर पॉट द्यायला मामाच यायचा. अम्मींनी हे सगळं चार-पाच दिवसांत पडल्या पडल्या पाहून ठेवलं होतं.

"दो दिन की तो बात है," त्या म्हणाल्या. "फिर घर जाती मैं."

माझं माहेर पैठणकडचं, शेतीवाडीचं. आई एसटीनं कुठं जायची असली की सकाळपासून पाणी प्यायची नाही. लग्नाला गेली तर आदल्या संध्याकाळपासूनच. मांडवात सगळे सरबत घ्यायचे, ती ग्लास हातात धरून बसायची आणि शेवटी माझ्याकडे द्यायची. याबद्दल ती कधी एक शब्द बोललेली नाही. अम्मींनी मनगट धरलं तेव्हा मला ते ग्लास आठवले. म्हणून मी हातमोजे परत खोक्यात ठेवले. असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते.

ते खरंच होतं, पण सगळं नव्हतं. नळी असली की पॉट द्यावा लागत नाही, चादर ओली होत नाही, दर दोन तासांनी माणूस उचलावा लागत नाही. त्या दिवशी माझ्याकडे तीन पेशंट होते. नळी राहिली तर माझीही सोय होती. मामा विचारायला आलाच होता.

"सिस्टर, सात नंबरला पॉट ठिवू का? नळी काढली नं?"

"नाही काढली. राहू द्या."

"लई बरं झालं. माझी बी एक खेप वाचली," तो म्हणाला आणि हसला. मीही हसले.

कागदावर मी 'लघवी तासातासाला मोजायची आहे' यापुढे बरोबरची खूण केली. खाली सही केली. कोणी विचारलं नाही. विचारणारी मीच होते ना.

गुरुवारी अम्मी मला पाहून हसल्या. मी कागद पुढे धरला तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली, जशा दोन बायका एखादी गोष्ट ठरवून ठेवतात तशी. मी खूण केली. नळीची जागा स्वतः धुतली, पिशवी रिकामी केली, नळी मांडीला नीट चिकटवली. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं केलं. एक काम सोडून बाकीची सगळी मनापासून केली म्हणजे ते सुटलेलं काम भरून निघतं, अशी काहीतरी माझी समजूत असावी. शुक्रवारीही खूण. शुक्रवारी त्या मला म्हणाल्या की जुम्मा आहे, मी तुझ्यासाठी दुआ मागितली. शनिवारी त्यांना वॉर्डात हलवायचं ठरलं होतं. वॉर्ड बायकांचा होता, तिथं मावशी होती. मी मनात म्हटलं, उद्या तिथं गेल्यावर काढतील. एक दिवस तर राहिला.

शनिवारी ओव्हर घेताना रात्रीची सिस्टर म्हणाली, "सातला पहाटे थंडी वाजून ताप आलाय. एकशे तीन. बडबडतेय."

मी आधी पिशवीकडे बघितलं. लघवी गढूळ होती, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखी, आणि नळीत पांढरे धागे अडकलेले. हे बघितल्यावर मला काय वाटलं असं नंतर एकदा नवऱ्यानं विचारलं. मला काहीच वाटलं नाही. कानात एक बारीक आवाज सुरू झाला आणि हात आपले आपण कामाला लागले. डॉक्टरांना बोलावलं. जुनी नळी काढली. ती काढायला मला कोणाला विचारावं लागलं नाही. रक्तदाब खाली जात होता, म्हणून डॉक्टरांनी नवी नळी घालायला सांगितली. ती मी घातली, तिच्यातून तपासणीला लघवी पाठवली, इंजेक्शनं सुरू केली. मग कागद घेतला. आता लघवी तासातासाला मोजणं खरोखरच गरजेचं होतं. मी त्याच ओळीपुढे तीच खूण केली. चार दिवसांत पहिल्यांदा ती खरी होती.

अम्मींनी मला ओळखलं नाही. ओढणी सरकलेली होती. ती मी त्यांच्या डोक्यावर घेतली, ती पुन्हा सरकली.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. रिपोर्टमध्ये जो जंतू आला तो बहुतेक औषधांना दाद न देणारा होता. जे एक औषध लागू पडेल असं वाटत होतं त्यानं किडनीला त्रास झाला. श्वासाची मशीन परत लागली. मी दररोज दारात जाऊन "सात नंबरचं कोण आहे?" म्हणायची, सून उठून यायची, चिठ्ठी घ्यायची. सहाव्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या आधी अम्मी गेल्या. मी सगळ्या नळ्या काढल्या, लघवीची शेवटी. अंग पुसलं. मामाला बाहेर थांबवलं आणि पडद्याचं लोंबतं टोक हातानं धरून उभी राहिले, मावशी येईपर्यंत. मग जेवायला गेले. डब्यात भेंडी होती. खाल्ली.

डॉक्टर म्हणाले, वय होतं, हृदय अशक्त होतं. त्यात खोटं काही नव्हतं. मुलगा म्हणाला, अल्लाह की मर्जी. प्रत्येकानं मला न विचारता एकेक सुटका दिली.

नळीमुळे जंतुसंसर्ग झाला की आमच्याकडे एक फॉर्म भरावा लागतो. भरणारी मीच. जोड बंद होता का, पिशवी कमरेखाली होती का, जागा रोज धुतली का. सगळ्यांपुढे 'हो' लिहिता आलं. शेवटचा रकाना होता: प्रत्येक दिवशी नळी ठेवण्याचं कारण योग्य होतं का? मी बुधवार, गुरुवार, शुक्रवार यांच्यापुढे 'नाही' लिहिलं. इनचार्ज सिस्टरनं वाचलं. चष्मा काढला.

"हे कोणी केलं?"

"मी."

"का गं?"

"त्या नको म्हणाल्या."

 त्यांनी फॉर्म फाइलला लावला. "चहा घे जा," म्हणाल्या. "असं होतं." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला कोणीतरी चारचौघांत फाडफाड बोलावं असं फार वाटत होतं. पण त्या चांगल्या बाई आहेत. पडद्याचे हुक आठवड्यानं बसले. त्यासाठी मी अर्ज केला होता. अर्ज करायला मला पाच मिनिटं लागली.

मग मी कडक झाले. बायका गयावया करतात. एका शिक्षिकेनं माझे पाय धरले, म्हणाली, "सिस्टर, पाया पडते तुमच्या, दोन दिवस राहू द्या." मी काढली. ती भिंतीकडे तोंड करून रडली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही, पॉट आणला, पडदा ओढला, पडद्याला पाठ लावून बाहेर उभी राहिले. आमच्या पोरी म्हणू लागल्या की नळी सिस्टरला काळीज नाही. व्हय, नाहीच, असं म्हणून मी पुढच्या खाटेकडे जाई. खरं सांगायचं तर तेव्हा काळीज आहे की नाही हे मलाही समजत नव्हतं. घरी पोरं भांडली तर मी नुसती बघत बसायची. गुलमंडीत साडी घ्यायला गेले, दुकानदारानं वीस साड्या उलगडल्या, मी काहीही न घेता उठून आले. त्याच्या कपाळाला आठ्या पडलेल्या दिसल्या, पण त्याचंही काही वाटलं नाही.

अम्मी जाऊन चाळीस दिवस झाले त्या दिवशी, चाळिसाव्याला, सून आली. मी ड्यूटी संपवून बाहेर पडत होते. तिच्या हातात तीच कापडी पिशवी. तिच्यातून तिनं स्टीलचा डबा काढला. चाळिसाव्याचं जेवण होतं. डबा गरम होता.

"ये आपके वास्ते," ती म्हणाली. "अम्मी बोले थे मेरे मियाँ कू, उस सिस्टर ने मेरी शरम रखी. मर्दों के सामने नहीं होने दी. घर जाके उसकू खाना भेजना बोले थे."

मी डबा घेतला.  सांगावं असं वाटलं, सगळं, तिथंच. सांगितलं नाही. मला माझी लाज वाटली, एवढं मात्र त्या क्षणी स्पष्ट वाटलं. कित्येक दिवसांनी काहीतरी वाटलं ते हेच. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "घर में अम्मी का कौन करता था?"

"मैं ना," ती म्हणाली. तिला प्रश्नाचं नवल वाटलं असावं. "तीन साल से. पॉट देना, धोना, सब मैं. मेरे से नहीं शरमाते थे. यहाँ तो अंदर आने नहीं देते थे ना. इसलिए यहीं बैठती थी मैं."

तिनं हात केला. दाराच्या बाहेर, चपलांच्या रॅकशेजारी, भिंतीला लागून. दिवसा तिथं सतरंजी टाकून पाच-सहा बायका बसलेल्या असतात. मी रोज त्यांच्या मधून वाट काढत आत जाते.

"पूरे दिन यहीं?" मी विचारलं.

"हौ. आप बुलाते थे ना दवाई के वास्ते. दूर कैसे जाती?"

ती डबा नंतर घेऊन जाईन म्हणाली आणि जिना उतरून गेली. मी डबा धरून दारापाशी उभी राहिले. ते दार मी त्या तीन दिवसांत, बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी, कितीतरी वेळा अर्धं उघडलं होतं आणि ओरडले होते, "सात नंबरचं कोण आहे?" दर वेळी तीच उठून आली होती. दर वेळी मी तिच्या हातात चिठ्ठी दिली आणि दार लावून घेतलं.